एमएससी झूऑलॉजी करून न्यूरोसायन्सच्या पीएचडीला ॲडमिशन होतं का? नक्की काय काय लागतं?

झू_परभणी

नमस्कार सगळ्यांना. मी परभणीची, एमएससी झूऑलॉजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. बीएससीला ७१ टक्के होते, एमएससीचं पण आत्तापर्यंत बरं चाललंय. मला पुढं मेंदूवर रिसर्च करायचाय, त्यातल्या त्यात फिट येण्यावर, म्हणजे एपिलेप्सीवर. आमच्या भागात अजून पण कुणाला फिट आली की आधी कांदा नाहीतर चप्पल हुंगवतात आणि मग कुठंतरी अंगारा आणायला पळतात, चुलतभावाचं असंच वर्षानुवर्षं चाललं होतं, शेवटी संभाजीनगरला न्यूरोलॉजिस्टकडं नेलं तेव्हा गोळ्या सुरू झाल्या आणि आता तो व्यवस्थित आहे. तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच आहे की मेंदूत एकदम असं होतं तरी काय.

कॉलेजात विचारलं तर एक सर म्हणाले न्यूरोसायन्सला एमबीबीएसच लागतं, दुसरे म्हणाले आधी न्यूरोसायन्समध्येच एमएससी पाहिजे, मैत्रीण म्हणते नेटची परीक्षा (प्राध्यापकी आणि फेलोशिपची राष्ट्रीय परीक्षा) काढ बाकी काही लागत नाही. घरचे बीएड कर म्हणायलेत, वडील कोरडवाहू शेती करतात, फी भरून पाच-सहा वर्षं शिकणं काही जमणार नाही. माझं शिक्षण बारावीपर्यंत मराठीत झालंय त्यामुळं इंटरव्ह्यूची पण भीती वाटते. राज्याचं एनटीचं जात प्रमाणपत्र आहे, ते चालतं का? महाराष्ट्रातच कुठं होतं का बाहेर जावं लागतं? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सविस्तर सांगा.

---

मानवतकर_बेंगळुरू

ताई मी पण आपल्याच जिल्ह्यातला, मानवतचा, बेंगळुरूला न्यूरोसायन्समध्येच पीएचडी करायलोय, मायक्रोबायोलॉजी करून आलोय. आधी ते दोन्ही गैरसमज काढून टाक. एमबीबीएस लागत नाही. न्यूरोसायन्सची एमएससी पण लागत नाही, आपल्या देशात ती डिग्री देणाऱ्या जागाच मोजक्या आहेत, मग पीएचडीला तेवढीच पोरं घेतली तर लॅब चालतील कशा. माझ्या आसपास झूऑलॉजी, बायोटेक, फिजिक्स, सायकॉलॉजी, इलेक्ट्रॉनिक्स, फार्मसी असे सगळे आहेत. मास्टर्सला साधारण ५५ टक्के ही यूजीसीची अट आहे, राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट, ती तुझी पूर्ण होते. २०२२ च्या यूजीसी नियमांनी चार वर्षांची डिग्री ७५ टक्क्यांनी केलेल्यांना थेट पीएचडीला पण बसता येतं पण तो प्रश्न तुझा नाही.

आता मैत्रीण म्हणते ते अर्धंच खरं आहे. नेट हा एक दरवाजा आहे, एकमेव नाही. न्यूरोवाल्यांनी जी परीक्षा आधी बघायला पाहिजे ती म्हणजे टीआयएफआरची (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च) जीएस म्हणजे ग्रॅज्युएट स्कूलची परीक्षा, बायोलॉजीसाठी तिला जेजीबिल्स म्हणतात. डिसेंबरच्या आसपास असते, फॉर्म त्याच्या दोन-तीन महिने आधी निघतात, आणि शेवटच्या वर्षाची पोरं पण बसू शकतात म्हणजे तू ह्याच वर्षी. त्या एका स्कोअरवर मुंबईचं टीआयएफआर, बेंगळुरूचं एनसीबीएस (बायोलॉजीची रिसर्च संस्था) असे बरेच जण इंटरव्ह्यूला बोलावतात. हरियाणात मानेसरला नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटर आहे, एनबीआरसी म्हणतात, तिथं तर फक्त मेंदूच, ते लोक पण हा स्कोअर किंवा जेआरएफ (नेटमधून मिळणारी ज्युनियर रिसर्च फेलोशिप) बघतात. ह्या परीक्षेत पाठांतर कमी आणि विचार जास्त, ग्राफ देतात आणि विचारतात ह्यावरून काय सिद्ध होतं काय नाही, शिवाय थोडं गणित-फिजिक्स-केमिस्ट्री पण येतं. झूऑलॉजीवाले तिथंच घाबरतात. दहावी-बारावीचं गणित नीट घोटलं तरी पुष्कळ होतं.

बेंगळुरूच्या आयआयएससीत (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) सेंटर फॉर न्यूरोसायन्स आहे, तिथं जेआरएफ, गेट (इंजिनिअरिंग-सायन्सची राष्ट्रीय परीक्षा) असलं काहीतरी नॅशनल क्वालिफिकेशन लागतं आणि मग इंटरव्ह्यू. निम्हान्सचं (बेंगळुरूचीच मेंदू आणि मनाच्या आजारांची राष्ट्रीय संस्था) वेगळं, त्यांची स्वतःची एन्ट्रन्स असते आणि डिपार्टमेंट पण वेगवेगळी, न्यूरोफिजिओलॉजी, न्यूरोकेमिस्ट्री, बायोफिजिक्स अशी. तुला एपिलेप्सी करायचीय तर निम्हान्स डोक्यात ठेवच, कारण तिथं पेशंट आणि लॅब एकाच आवारात आहेत.

पैशाचं घरी असं सांग. अशा संस्थांत पीएचडीला फेलोशिप मिळते, जेआरएफची १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे, दोन वर्षांनी एसआरएफ (सीनियर रिसर्च फेलोशिप) झाली की ४२,०००, वर घरभाडं वेगळं नाहीतर हॉस्टेल. फी असते पण ती ह्या पैशातून आरामात निघते. म्हणजे घरून पैसे मागवायचे नाहीत. मी माझ्या वडिलांना हा आकडा सांगितला तेव्हा त्यांना आधी पटलं नाही, पासबुक दाखवलं तेव्हा पटलं. फक्त एक, पहिले काही महिने फेलोशिप उशिरा जमा होऊ शकते, तेवढी सोय आधी करून ठेवायची.

---

लातूर_लाईफसायन्स

वरच्या दादांचं बरोबर आहे पण नेट सोडू नका ताई. मी लातूरला सीएसआयआर नेट लाईफ सायन्सची पोरं बघतो रोज. आत्ताची सिस्टिम नीट समजून घ्या, कारण जून २०२४ पासून बदललीय. आता निकालात तीन गट असतात. पहिला जेआरएफ, दुसरा असिस्टंट प्रोफेसर आणि पीएचडी, तिसरा फक्त पीएचडीसाठी पात्र. पहिल्या गटाला फेलोशिप स्वतःच्या नावावर मिळते. दुसऱ्या-तिसऱ्या गटाला विद्यापीठात पीएचडी ॲडमिशन घेताना नेटच्या मार्कांना ७० टक्के आणि इंटरव्ह्यूला ३० टक्के वजन असतं आणि तो स्कोअर ॲडमिशनसाठी एक वर्षच चालतो. पोरं दोन वर्षांनी घेऊन येतात आणि मग रडतात. जेआरएफचं पत्र मात्र जास्त चालतं. वयाची अट जेआरएफला ३० आहे, मुलींना ५ वर्षं सूट, म्हणजे घाई नाही.

पेपर २०० मार्कांचा, तीन तास, ए बी सी असे भाग. एमध्ये २० पैकी १५, बीमध्ये ५० पैकी ३५, सीमध्ये ७५ पैकी २५ सोडवायचे. सीचा प्रश्न ४ मार्कांचा, चुकला तर १ जातो. आपल्याकडची पोरं जास्तीत जास्त प्रश्न सोडवायच्या नादात सी मध्ये मार्क घालवतात, १५-१६ पक्के येत असतील तर तेवढ्यावरच थांबायची हिंमत पाहिजे.

आणि तुमच्यासाठी मुद्द्याची गोष्ट सांगतो, न्यूरोवाल्यांना नेटचा सिलॅबस एकदम सोयीचा आहे पण कुणी बघत नाही. युनिट ७ मध्ये नर्व्हस सिस्टिम, युनिट ११ मध्ये शिकणं, स्मृती, झोप ह्यांचा मेंदूतला आधार, आणि शेवटचं युनिट १३, मेथड्सचं, त्यात एक आख्खा तुकडा इलेक्ट्रोफिजिओलॉजीचा, एका न्यूरॉनचं रेकॉर्डिंग, पॅच क्लॅम्प (पेशीच्या पडद्यातून जाणारा बारीक करंट मोजायची पद्धत), मेंदूचं रेकॉर्डिंग, पेट स्कॅन, एमआरआय, एफएमआरआय सगळं आहे. क्लासवाले मॉलिक्युलर आणि जेनेटिक्स घोकून घेतात आणि युनिट १३ एका लेक्चरात उरकतात. तुम्ही तेच आधी करा, परीक्षेत पण उपयोग आणि इंटरव्ह्यूत पण.

पेपर इंग्रजी-हिंदीत असतो, मराठीत नाही. एवढ्यानं अडत नाही पण सराव इंग्रजीतूनच करायचा.

---

नांदेड_ईएनटीसी

ताईंच्या प्रश्नात घुसतोय माफ करा. मी नांदेडहून बीई ईएनटीसी केलंय, सिग्नल प्रोसेसिंग आवडतं, ईईजीवर (डोक्यावरून घेतलेलं मेंदूच्या विजेचं रेकॉर्डिंग) प्रोजेक्ट केला होता. बायोलॉजी अकरावी-बारावीनंतर सुटली. मला पण न्यूरोत जाता येतं का का आधी एमटेक लागेल?

---

मानवतकर_बेंगळुरू

@नांदेड_ईएनटीसी येतं की. आयआयएससीत बीई-बीटेकवाले गेटच्या स्कोअरवर थेट पीएचडीला अर्ज करतात, कोणते पेपर चालतात ते त्या वर्षीच्या यादीत बघ. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो. तुझ्यासारख्याची तर गरज आहे, आमच्या लॅबमध्ये एका प्रयोगातून शेकडो न्यूरॉनचं रेकॉर्डिंग एकदम निघतं, ते वाचणारे हात कमी आहेत. हैदराबाद तुला नांदेडहून जवळ पडतं, तिथं हैदराबाद विद्यापीठात सेंटर फॉर न्यूरल अँड कॉग्निटिव्ह सायन्सेस आहे आणि ट्रिपल आयटीत कॉग्निटिव्ह सायन्सचं काम चालतं. गांधीनगर आयआयटीत कॉग्निटिव्ह सायन्सची एमएससी आहे. सिएटलच्या ॲलन इन्स्टिट्यूटनं मेंदूचा भरपूर डेटा फुकट ठेवलाय, घरी बसून पायथॉनमध्ये उघडता येतो, त्यातला एखादा तुकडा घेऊन काहीतरी करून दाखव, तेच तुझं बायोलॉजीचं सर्टिफिकेट समज. आणि न्यूरोमॅच अकॅडमी म्हणून ऑनलाईन शाळा आहे उन्हाळ्यातली, २०२० पासून चाललीय, फी देशाप्रमाणं कमी करतात आणि अडचण असेल तर माफीचा अर्ज करता येतो.

---

प्राध्यापक_जालना

मुली, तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. मी जालन्याला झूऑलॉजी शिकवतो, त्यामुळं कागदपत्रांचं आणि कॉलेजच्या बाजूचं सांगतो, कारण हुशार मुलं तिथंच अडकलेली मी बघतो.

जातीचं आधी. वर नावं आलेल्या टीआयएफआर, एनबीआरसी, आयआयएससी, निम्हान्स ह्या सगळ्या केंद्राच्या संस्था आहेत. तिथं व्हीजे-एनटी-एसबीसी असे प्रवर्ग नसतातच. केंद्राची ओबीसींची वेगळी यादी आहे, आपल्याकडच्या एनटीतल्या धनगर, वंजारी अशा जाती त्या यादीत ओबीसीत येतात. तुझी जात त्या यादीत बघ आणि असेल तर केंद्राच्या नमुन्यातलं ओबीसी नॉन-क्रिमीलेयर काढून घे. राज्याचं नॉन-क्रिमीलेयर आहे म्हणून मुलं निवांत राहतात आणि ऐन व्हेरिफिकेशनला खुल्यात टाकली जातात. सेतूत जाताना तोंडी सांगू नकोस, केंद्राचा नमुना छापून हातात घेऊन जा, कारण समोरचा माणूस सवयीनं राज्याचाच फॉर्म भरतो. बऱ्याच परीक्षांना चालू आर्थिक वर्षातलं म्हणजे १ एप्रिलनंतरचं लागतं, म्हणून एप्रिल-मे मध्येच काढून टाकायचं. इथं वाचणाऱ्या मराठा मुलांसाठी, एसईबीसीचं आरक्षण राज्याचं आहे, केंद्राच्या संस्थेत ते चालत नाही, बसत असेल तर ईडब्ल्यूएस बघावं.

दुसरं शिफारसपत्र. दोन किंवा तीन लागतात. आपल्याकडं काय होतं की विद्यार्थी शेवटच्या दिवशी येतो, सर सही करा म्हणतो, आणि आम्ही पण हुशार आहे, प्रामाणिक आहे, वर्तणूक चांगली आहे असं लिहून देतो. असल्या पत्रानं काही होत नाही. आपल्या ज्या शिक्षकांनी तुला प्रॅक्टिकल करताना बघितलंय त्यांच्याकडं महिनाभर आधी जा, तू काय काम केलंस ते एका पानावर लिहून ने, आणि त्यातलं काय त्यांना खरंच आठवतंय ते विचार. तेच पत्रात येऊ दे. कॉलेजचा ईमेल आयडी त्यांच्याकडं आहे का ते पण बघ, कारण लिंक त्यांच्या मेलवर जाते आणि सरांनी मेल उघडलाच नाही म्हणून अर्ज अर्धवट राहिलेला मी पाहिलाय.

तिसरं, आपल्याकडं पण पीएचडी होते हे विसरू नका. संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ आहे, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ आहे, झूऑलॉजी-बायोटेकमध्ये गाईड आहेत. बार्टी, सारथी, महाज्योती ह्या राज्याच्या संस्थांच्या पीएचडी फेलोशिप आहेत, तुझ्यासाठी महाज्योती. घर सोडणं शक्य नसेल तर हा रस्ता पण आहे.

---

मानवतकर_बेंगळुरू

सरांचा मान राखून एक सांगतो. घर सोडणं शक्यच नसेल तर ठीक, पण न्यूरोसाठी मी हा पर्याय शेवटी ठेवीन. गाईडच्या नावापेक्षा त्या खोलीत काय आहे ते बघावं लागतं. एपिलेप्सीवर काम म्हणजे पॅच क्लॅम्प रिग, चांगला मायक्रोस्कोप, ॲनिमल हाऊस आणि त्याची एथिक्स कमिटीची परवानगी, आणि शेजारी त्याच विषयावर भांडणारी दहा माणसं. हे नसेल तर विषय हळूहळू अमुक वनस्पतीच्या अर्काचा उंदराच्या मेंदूवर परिणाम असा होऊन जातो. आपल्याकडं हुशार माणसं कमी नाहीत सर, साधनं कमी आहेत, ह्याचं मला पण वाईट वाटतं.

---

प्राध्यापक_जालना

साधनांचं तुम्ही म्हणता ते मान्य. पण मी ज्या मुलींना शिकवतो त्यातल्या निम्म्यांना घरून बेंगळुरूला सोडत नाहीत, त्यांच्यासाठी हा पर्याय शेवटचा नाही, एकमेव आहे. त्यांनी गाईड निवडताना एवढं विचारावं की गेल्या काही वर्षांत तुमचे विद्यार्थी बाहेरच्या कोणत्या लॅबमध्ये जाऊन काम करून आले. सहगाईड बाहेरचा घेता येतो, महिना-दोन महिने त्याच्या लॅबमध्ये प्रयोग करून येता येतात. जे गाईड अशी वाट काढून देतात त्यांच्याकडं जावं. आणि मुलींना आणखी एक, २०२२ च्या नियमात पीएचडीची कमाल मुदत ६ वर्षं आहे पण महिलांना २ वर्षं जास्तीची सूट आहे, लग्न-बाळंतपण ह्या कारणानं सोडून द्यायची गरज नाही.

---

झू_परभणी

सगळ्यांचे खूप आभार. केंद्राच्या यादीत माझी जात ओबीसीत आहे, आत्ताच बघितली. घरचे बेंगळुरूला सोडतील, नांदेडहून थेट रेल्वे आहे म्हटल्यावर आई जरा शांत झाली. फेलोशिपचा आकडा वडिलांना सांगितला, ते म्हणाले परीक्षा तर दे.

दोन गोष्टी अजून. इंटरव्ह्यूत नक्की काय विचारतात? आणि रिसर्च एक्सपिरिअन्स म्हणतात तो कुठून आणायचा, आमच्या कॉलेजात साधा इन्क्युबेटर बंद पडलाय.

---

मानवतकर_बेंगळुरू

इंटरव्ह्यूचं सांगतो कारण त्याचीच भीती सगळ्यांना असते. मला आत गेल्यावर विचारलं आवडता विषय कोणता, मी न्यूरॉनचं रेस्टिंग पोटेन्शियल (शांत असताना पेशीच्या आत-बाहेरचा व्होल्टेजचा फरक) म्हटलं, तर खडू हातात दिला. बोर्डावर पेशी काढायला लावली, आत पोटॅशियम १४० मिलिमोलर, बाहेर ५ असं लिहिलं. मग विचारलं बाहेरचं पोटॅशियम ५ चं १० केलं तर काय होईल. आता पाठ केलेलं असतं की रेस्टिंग पोटेन्शियल उणे ७० मिलिव्होल्ट, ते इथं कामाला येत नाही. नर्न्स्टचं समीकरण लिहायचं, शरीराच्या तापमानाला साधारण ६१ गुणिले लॉग बाहेर भागिले आत, ५ आणि १४० ला उणे ८८ च्या आसपास येतं, १० केलं की उणे ७० च्या आसपास. म्हणजे पोटॅशियमचा तोल वर सरकला, पेशी डिपोलराइज झाली म्हणजे तिचा निगेटिव्हपणा कमी झाला, थ्रेशोल्डच्या म्हणजे फायर व्हायच्या हद्दीच्या जवळ आली. ते म्हणाले बरं, मग आणखी वाढवलं तर न्यूरॉन जास्तच फायर होत राहील का? इथं थांबून विचार करायचा असतो. होत नाही, कारण पेशी बराच वेळ डिपोलराइज राहिली की सोडियम चॅनेल इनॅक्टिव्हेट म्हणजे बंद होऊन बसतात, मग ती फायरच करू शकत नाही. शेवटचं उत्तर मला लगेच आलं नव्हतं, त्यांनी एक-दोन हिंट दिल्या आणि मी बोलत बोलत तिथं पोचलो. त्यांना तेच बघायचं असतं, माणूस अडल्यावर काय करतो.

आणि ताई हा प्रश्न तुझ्याच विषयाचा आहे बरंका. फिट येताना खूप न्यूरॉन एकदम फायर करतात तेव्हा बाहेरचं पोटॅशियम वाढतं, ते वाढलं की शेजारचे न्यूरॉन आणखी भडकतात. त्यामुळं हे समीकरण पाठ नको करू, हातानं दहा वेळा सोडव, आकडे बदलून.

इंग्रजीची काळजी सोड. मी मराठी मिडीयमचाच, आत अडखळलो, एका वाक्यात क्रियापद चुकलं, कुणी काही म्हटलं नाही. हिंदीत सांगू का विचारलं तर बऱ्याच ठिकाणी हो म्हणतात. पण टेक्निकल शब्द इंग्रजीतलेच नीट पाहिजेत. रोज एक ग्राफ घेऊन तो मोठ्यानं इंग्रजीत समजावून सांगायचा, एक्स ॲक्सिसवर काय, वाय वर काय, कंट्रोल कोणता, ह्यावरून काय म्हणता येतं. समोर बहीण बसली तरी चालते.

---

प्राध्यापक_जालना

लॅबबद्दल मी सांगतो, कारण इन्क्युबेटर बंद आहे म्हणून मुलं हात बांधून बसतात ते मला बघवत नाही. तीन सायन्स अकॅडमी मिळून दर वर्षी समर रिसर्च फेलोशिप देतात, बेंगळुरूच्या इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या साइटवर अर्ज असतो, दोन महिने देशातल्या एखाद्या चांगल्या लॅबमध्ये काम करायला मिळतं आणि स्टायपेंड पण. अर्ज हिवाळ्यातच निघतात म्हणून मुलांना कळेपर्यंत तारीख निघून गेलेली असते. दिवाळीच्या आधीपासून साइट बघत राहा. एमएससी संपत असेल तर त्यानंतर प्रोजेक्ट असिस्टंट म्हणून वर्षभर एखाद्या लॅबमध्ये लागता येतं, पगार असतो, आणि पीएचडीच्या इंटरव्ह्यूत त्या एका वर्षाचं वजन फार पडतं.

पण त्याच्या आधी तुझं डिसर्टेशन बाकी आहे ना? ते फळमाशीवर कर. ड्रोसोफिला. पिकलेलं केळं बाटलीत ठेवलं की आपोआप येतात, म्हैसूर विद्यापीठात ड्रोसोफिलाचं स्टॉक सेंटर आहे, तिथून नीट ओळखीचे स्टॉक मागवता येतात. मक्याच्या पिठाचं खाद्य कॉलेजातच शिजतं. उभ्या काचेच्या नळीत वीस माश्या घे, नळी टेबलावर हलकी आपट, सगळ्या खाली पडतात, मग दहा सेकंदांत किती माश्या ठरवलेल्या खुणेच्या वर चढल्या ते मोज. मोबाईलवर शूट केलं तर मोजायला सोपं. वय वाढेल तसं चढणं कमी होतं, उष्णतेनं बदलतं, झोप मोडली की बदलतं. नर्व्हस सिस्टिमचा हा खरा प्रयोग आहे, जगभर करतात, खर्च म्हणावा तर नळ्यांचा. आणि तुझ्या एपिलेप्सीशी पण नातं आहे, माश्यांचे काही म्युटंट असे आहेत की नळीला जोरात धक्का बसला की त्यांना चक्क झटके येतात, मग काही वेळ निपचित पडतात आणि उठून चालायला लागतात. बँग-सेन्सिटिव्ह म्हणतात त्यांना. त्यावर वाच.

इंटरव्ह्यूत जेव्हा विचारतील की डिसर्टेशनमध्ये काय केलं, तेव्हा प्रत्येक तापमानाला किती माश्या घेतल्या, नर किती मादी किती, ज्या दिवशी आकडे विचित्र आले त्या दिवशी काय केलं, हे सगळं तुझ्या हातचं असलं पाहिजे. झेरॉक्सच्या दुकानातून बांधून आणलेलं डिसर्टेशन दोन प्रश्नांत उघडं पडतं.

---

आष्टीकर_जर्मनीत

बाहेरच्या देशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. मी बीड जिल्ह्यातला, आत्ता जर्मनीत. अमेरिकेत बॅचलर्सनंतर पण थेट पीएचडीला घेतात, न्यूरोसायन्सच्या बहुतेक पीएचडी प्रोग्रॅममध्ये फी माफ आणि स्टायपेंड असतो, बऱ्याच ठिकाणी जीआरई आता लागत नाही, पण तीन शिफारसपत्रं, स्टेटमेंट ऑफ पर्पज आणि प्रत्यक्ष लॅबमधलं काम ह्यावर सगळं ठरतं. अर्ज डिसेंबरच्या सुरुवातीला बंद होतात, जानेवारी-फेब्रुवारीत इंटरव्ह्यू, आणि आलेल्या ऑफरला उत्तर द्यायची तारीख १५ एप्रिल. अर्जाची फी जड वाटते पण माफीची विनंती करता येते, खूप ठिकाणी मिळते.

जर्मनीत पीएचडीला साधारण मास्टर्स लागतंच, ते तुझं होईलच. मॅक्स प्लांक ह्या रिसर्च संस्थांचे आयएमपीआरएस म्हणून पीएचडीचे प्रोग्रॅम असतात, इंग्रजीत, पगार मिळतो. मास्टर्सपासून करायचं असेल तर गॉटिंगेनला न्यूरोसायन्सेसचा इंग्रजी कोर्स आहे, तीन वर्षांच्या बीएससीवर घेतात. पण मास्टर्सला येणाऱ्याला ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (दर महिन्याला ठरावीकच पैसे काढता येणारं खातं) वर्षाचे पैसे आधी दाखवावे लागतात, सप्टेंबर २०२४ पासून ११,९०४ युरो, ते आपल्यासारख्या घरातून काढणं अवघड, म्हणून मी तरी पीएचडीला ये म्हणेन. भारतातून विद्यार्थी म्हणून येणाऱ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएसचं (डिग्रीची कागदपत्रं तपासणारं जर्मन ऑफिस) सर्टिफिकेट पण लागतं, त्याला वेळ जातो.

प्रोफेसरांना मेल करताना एवढं कर, आदरणीय सर मला आपल्या नामांकित लॅबमध्ये संधी द्यावी असं लिहू नको, उत्तर येत नाही. त्यांचा एक पेपर खरंच वाच, त्यातल्या एका आकृतीबद्दल एक प्रश्न विचार, स्वतःच्या कामाबद्दल तीन ओळी, सीव्ही जोड, संपलं. फळमाशीचा तो प्रयोग केलास तर त्या तीन ओळी तुझ्याकडं असतील. पंधरा दिवसांनी एकदा आठवण कर, त्यावर पण नाही आलं तर पुढचा.

---

लातूर_लाईफसायन्स

ताई, गेट पण भरून टाका, फेब्रुवारीत असते, बायोटेक किंवा एक्सएल म्हणजे लाईफ सायन्सचा पेपर. एक्सएलमध्ये केमिस्ट्री कंपल्सरी आणि पुढचे दोन निवडायचे, तुम्ही झूऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री घ्या. म्हणजे डिसेंबरात जेजीबिल्स, फेब्रुवारीत गेट आणि नेटची जी तारीख येईल ती, अभ्यास जवळपास एकच, फॉर्म वेगवेगळे. अजून एक, फिट आलेल्या माणसाला काही हुंगवायचं नाही, तोंडात चमचा-बिमचा घालायचा नाही, कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काहीतरी मऊ, आणि घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर थेट दवाखाना. इथं एवढे लोक वाचतायत म्हणून लिहिलं.

---

झू_परभणी

आज एचओडी मॅडमना भेटले, डिसर्टेशन फळमाशीवर करायला त्या हो म्हणाल्या, म्हैसूरला त्यांच्याच लेटरहेडवर पत्र पाठवायलोय. तापमानावर करायचं ठरलंय, आपल्याकडचा मे महिना डोळ्यासमोर ठेवून २५, ३० आणि ३५ डिग्री. इन्क्युबेटर दुरुस्त होतो का ते बघायला मॅडमनी माणूस बोलावलाय. सर, प्रत्येक तापमानाला माश्या किती दिवस ठेवायच्या आणि चढायची खूण किती सेंटिमीटरवर करायची?

---

प्राध्यापक_जालना

खूण ८ सेंटिमीटरवर कर, नळी त्याच्यापेक्षा बरीच उंच असू दे. २५ डिग्री हा तुझा कंट्रोल. आधी सगळ्या माश्या २५ वरच वाढव, बाहेर आल्यावर एकाच वयाच्या, ३ ते ५ दिवसांच्या, वेगळ्या काढ, नर-मादी वेगवेगळ्या नळ्यांत. मग ३० आणि ३५ ला किती वेळ ठेवायच्या ते थोड्या माश्यांवर आधी करून बघ, ३५ वर त्या फार दिवस टिकायच्या नाहीत, तिथं तासांत मोजावं लागेल. रोज एकाच वेळेला मोज, सकाळी १० म्हणजे १०, कारण माशीची हालचाल दिवसाच्या वेळेप्रमाणं बदलते. बेशुद्ध करून वेगळ्या केल्या असतील तर त्याच दिवशी मोजू नकोस, एक दिवस जाऊ दे. आणि वही पहिल्या दिवसापासून पेनानं लिही, खाडाखोड झाली तरी पान फाडायचं नाही.